पथ्य आपले, रीत तिथली

आम्ही रामेश्वरला पोहोचलो तो दशमीचा दिवस होता. आईचे वय त्या वेळी चौऱ्याहत्तर. मधुमेहाला वीस वर्षे झालेली आणि एकादशीच्या व्रताला पन्नासाहून अधिक. रात्री मी यात्री निवासातील वेटरला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, ‘उद्या उपवासाचे काही मिळेल का?’ त्याने प्रश्न शांतपणे ऐकला आणि मान दोन्ही खांद्यांकडे हळूच डोलवली. मी आईला सांगितले, ‘नाही म्हणतो आहे.’ त्यावर आई म्हणाली, ‘असू दे. दर्शन झाल्यावर केळे खाईन.’

सकाळी सवयीप्रमाणे तिने मधुमेहाची गोळी घेतली. सोबत बिनसाखरेचा अर्धा कप चहा घेतला, बाकी काही नाही. आधी समुद्रातील अग्नितीर्थ, मग मंदिराच्या आवारातील बावीस तीर्थे. प्रत्येक ठिकाणी पोहऱ्याने पाणी काढून डोक्यावर ओततात. ओल्या वस्त्रांनी दर्शन घेता येत नाही, म्हणून कपडे बदलायला निराळा वेळ लागला. त्यानंतर लांबलचक दालनातील रांग. तिथे आईच्या कपाळावर घाम आला. ओल्या केसांचे पाणी असेल, असे समजून मी दुर्लक्ष केले. ती काहीतरी विचारू लागली आणि शब्द अडखळले. मी गोंधळून उभा असताना मागे उभ्या असलेल्या एका वृद्ध तमिळ बाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडली, खडीसाखरेचे खडे काढले आणि आम्हाला काही विचारण्याच्या फंदात न पडता आईच्या तोंडात घातले. पंधरा-वीस मिनिटांत आई ताळ्यावर आली. वडिलांनी हात जोडले, तर त्या बाईंनीही वेटरप्रमाणेच मान डोलवली.

दुपारी निवासात परतलो. तो वेटर आमचीच वाट पाहत होता. झाकलेल्या ताटात इडल्या, केळी आणि गरम दूध होते. त्याने सकाळपासून ते आमच्यासाठी ठेवले होते. आदल्या रात्री डोललेली ती मान होकाराची होती.

वाचकहो, त्या दिवशी चूक ना वेटरची होती ना आईची. चूक माझी होती. मी सोबत औषधांची पेटी, डॉक्टरांची चिठ्ठी, गुडघ्याचा पट्टा हे सारे घेतले होते. परंतु जिथे जातो आहोत तेथील माणसे होकार कसा देतात आणि उपवास कशाला म्हणतात, याची चौकशी केली नव्हती. तरुण प्रवाशाला अशा अज्ञानाची किंमत फार तर एका फजितीत मोजावी लागते. आपल्या घरातील ज्येष्ठांना ती प्रकृतीने मोजावी लागते.

उपवासाचेच पाहा. आपल्याकडे एकादशी म्हटली की साबूदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे. आपल्याकडे येणारा साबूदाणा मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतील सेलम भागात कसाव्याच्या कंदापासून तयार होतो. मात्र त्याच तमिळनाडूत त्याला ‘जव्वरिसी’ म्हणतात, त्याचे पायसम आणि पापड करतात आणि उपवासाशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. तेथे अनेक घरांत व्रताच्या दिवशी भात टाळतात आणि इडली, उपमा असे हलके खातात. म्हणून आईसाठी आलेल्या इडल्या ही थट्टा नव्हती. ते त्यांचे उपवासाचे ताट होते. आईने इडली खाल्ली नाही, केळी आणि दूध घेतले. तिचा नेम राहिला, त्याचाही मान राहिला.

तेव्हा प्रवासाच्या तारखा ठरवताना पंचांगही पाहावे. उपवास येत असेल तर त्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन किती व केव्हा घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे. स्वतःच्या मनाने मात्रा बदलू नये किंवा सोडू नये. राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे घरूनच न्यावेत. आणि साखरेची पुडी ज्येष्ठांच्या स्वतःच्या कनवटीला किंवा खिशात असावी, सोबत्याच्या पिशवीत नव्हे. गर्दीत ताटातूट होते तेव्हा पिशवी सोबत्याबरोबरच जाते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे दिसताच तीन-चार चमचे साखर द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटल्यावर काही खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी.

जेवणाविषयी आपल्या मंडळींची तक्रार ठरलेली असते : ‘तीनही त्रिकाळ भात!’ वडिलांनी मदुराईत दुसऱ्याच दिवशी पोळीची मागणी सुरू केली. खरे तर त्या पानातच मार्ग असतो, तो पाहावा लागतो. भात आधी सांबाराबरोबर, मग रसमबरोबर आणि शेवटी दह्याशी किंवा ताकाशी, अशी तीन वेळा वाढण्याची तेथील रीत आहे. पहिल्या वाढपातच पोट भरून घेतले की पुढचे दोन भात आग्रहाखातर जातात आणि साखर चढते. त्याऐवजी प्रत्येक वेळी दोन घास भात घ्यावा आणि ‘पोरियल’ म्हणजे परतलेली भाजी, ‘कूटू’ म्हणजे डाळ घातलेली भाजी मागून घ्यावी. मिश्र डाळींचे ‘अडै’ मिळाले तर पोळीची आठवण बरीच कमी होते. वाढपी पुन्हा आला तर पानावर आडवा हात धरून ‘पोदुम’, म्हणजे पुरे, म्हणावे. रक्तदाब असणाऱ्यांनी लोणचे आणि तळलेले अप्पळम बाजूला ठेवावे. ‘उप्पु कम्मी’ म्हणजे मीठ कमी. तो शब्द आपल्या ‘कमी’च्या इतका जवळचा आहे की विसरणे कठीण.

‘सक्करै वेण्डाम’, साखर नको, हे शब्द तर ज्येष्ठांनी स्वतः पाठ करावेत. कारण फिल्टर कॉफी बहुधा साखर घालूनच पुढे येते. पोट बिघडले तर ‘कंजी’ मागावी. कोकणातल्या वाचकांना ही पेजच आहे, हे सांगायला नको.

मंदिरांची वेळ हा आणखी एक प्रश्न. दक्षिणेतील बहुतेक मोठी मंदिरे पहाटे उघडतात, दुपारी मिटतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. आपण सावकाश न्याहारी करून अकराला निघालो की दार बंद होण्याची घाई, माथ्यावर ऊन आणि पायाखाली तापलेला दगड, असे सारे एकदम वाट्याला येते. पादत्राणे बाहेर काढावी लागतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावलेली असते. पाय भाजला तरी कळत नाही, फोड रात्री दिसतो. मदुराईच्या मीनाक्षी मंदिराला चार दिशांना चार गोपुरे आणि प्रवेशद्वारे आहेत. ज्या दाराशी चपला ठेवल्या त्याच दाराने बाहेर पडावे, नाहीतर बाहेरून अर्धी प्रदक्षिणा अनवाणी घडते. आम्हाला ती घडली. मोजे चालतील का, हे दारात विचारून घ्यावे आणि रात्री सोबत्याने दोन्ही तळवे दिव्याखाली पाहावेत. वडिलांना पाय दाखवायला संकोच वाटत असे. ‘औषध लावायचे आहे’ म्हटले की चालत असे.

तेथील लोक पहाटे दर्शन घेतात, दुपारी सावलीत विसावतात आणि संध्याकाळी पुन्हा निघतात. ज्येष्ठांच्या प्रकृतीला आपल्या सहलीच्या वेळापत्रकापेक्षा हाच क्रम मानवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तंजावरला थांबलो तेव्हा वडिलांचा परकेपणा प्रथमच सैलावला. तेथे भोसल्यांचे राज्य सतराव्या शतकापासून १८५५पर्यंत होते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३मध्ये कोरलेला प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. तो कोरवून घेणारे सरफोजी राजे वैद्यकाचे जाणकार होते. त्यांनी धन्वंतरी महाल उभारला आणि नेत्ररुग्णांच्या चित्रांसह केलेल्या नोंदी आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. ते त्या नोंदींविषयी दिवसभर बोलत होते. पोळीचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

कन्याकुमारीहून केरळात शिरताच शिकलेले शब्द पुन्हा बदलतात. गरम पाणी तमिळमध्ये ‘सुडु तण्णी’, मल्याळममध्ये ‘चूडु वेळ्ळम’. यातला ‘वेळ्ळम’ तमिळ माणसाला पुराचा अर्थ देतो. तिरुअनंतपुरमच्या खाणावळीत पेल्यात गुलाबी पाणी आले तेव्हा आईने ते परत पाठवले. ते पतंगाच्या लाकडाचा तुकडा टाकून उकळलेले पिण्याचे पाणी होते. केरळात असे किंवा जिरे घालून उकळलेले पाणी सर्रास देतात. प्रवासात गरम, उकळलेले पाणी न मागता मिळणे ही ज्येष्ठांच्या दृष्टीने लहान सोय नव्हे. रंगाला बिचकून ते नाकारू नये आणि बाटलीतल्या थंड पाण्याकडे वळू नये.

पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना सदरा काढून, धोतर किंवा मुंडू नेसून जावे लागते. खांद्यावर उपरणे घेता येते. स्त्रियांसाठी साडी असली की प्रश्न येत नाही. ही रीत मी वडिलांना निवासातच सांगायला हवी होती, दाराशी नव्हे. त्यांच्या छातीवर बायपासचा लांब व्रण आहे. गेली नऊ वर्षे ते घरातही बनियन काढत नाहीत. ‘तुम्ही दोघे जाऊन या, मी बाहेर बसतो,’ असे ते म्हणाले. आईने काही न बोलता आपल्या पिशवीतून उपरणे काढून त्यांच्या हातात दिले. बराच वेळ ते तसेच धरून उभे राहिले, मग त्यांनी सदऱ्याची गुंडी सोडली.

रांगेत त्यांच्यापुढे एक स्थानिक वृद्ध गृहस्थ होते. वळताना त्यांच्या छातीवर तसाच व्रण दिसला. त्यांनी वडिलांच्या उपरण्याआडून दिसणाऱ्या रेषेकडे पाहिले, बोटे वर करून पाच हा आकडा दाखवला आणि प्रश्नार्थक भुवया उंचावल्या. वडिलांनी दोन्ही हातांची मिळून नऊ बोटे दाखवली. गृहस्थांनी मान दोन्ही खांद्यांकडे डोलवली आणि या वेळी वडिलांनीही तशीच डोलवली.