हर्ग वाहिनीचा प्रतिपिंडांद्वारे शोध

हर्ग वाहिनीचा प्रतिपिंडांद्वारे शोध ही जीवरसायनशास्त्रातील एक प्रयोगपद्धती आहे. पेशींच्या किंवा ऊतींच्या नमुन्यात हर्ग हे पोटॅशियम वाहिनीचे प्रथिन आहे का, ते कितपत पक्व झाले आहे आणि पेशीत कोठे आहे, हे तिच्यात प्रतिपिंडांच्या, म्हणजेच अँटिबॉडींच्या, साहाय्याने ठरवले जाते. आनुवंशिक हृदयविकारांचा अभ्यास आणि नव्या औषधांची सुरक्षितता-तपासणी या दोन क्षेत्रांत तिचा विशेष उपयोग होतो.

पार्श्वभूमी

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या जवनिकांमधील पेशींना पुन्हा विश्रांत विद्युत्-स्थितीत यावे लागते. त्यासाठी पोटॅशियमचे आयन पेशीबाहेर जावे लागतात आणि त्यांतील मोठा वाटा हर्ग वाहिनीतून जातो. ही वाहिनी अपुरी पडली, तर हृदयालेखातील क्यूटी अंतर वाढते. अशा व्यक्तीला एकाएकी मूर्च्छा येऊ शकते. हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. वरवर निरोगी दिसणाऱ्या तरुणांमध्येही असे घडते.

या वाहिनीचे जनुक केसीएनएच२ या नावाने ओळखले जाते व ते मानवाच्या सातव्या गुणसूत्रावर आहे. जेफ्री वॉर्म्के आणि बॅरी गॅनेट्झ्की यांनी १९९४ मध्ये त्याचे वर्णन केले. ईथरची भूल दिल्यावर पाय थरथरवणाऱ्या फळमाशीच्या एका उत्परिवर्ती प्रकाराला संशोधकांनी ‘ईथर-अ-गो-गो’ असे नाव दिले होते. मानवी जनुकाचे नाव त्यावरूनच पडले. १९९५ मध्ये या जनुकातील दोष आणि दीर्घ क्यूटी लक्षणसमूहाचा दुसरा प्रकार यांचा संबंध सिद्ध झाला.

दोन पट्टे

हर्गसाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत वेस्टर्न ब्लॉट ही आहे. तिच्यात पेशींतील प्रथिने जेलमधून विद्युत्-प्रवाहाच्या साहाय्याने आकारमानानुसार वेगळी केली जातात व नंतर एका पातळ पटलावर उतरवली जातात. त्या पटलावर प्रथम हर्गला चिकटणारे प्रतिपिंड आणि मग त्या प्रतिपिंडाला चिकटणारे दुसरे प्रतिपिंड सोडतात. दुसऱ्या प्रतिपिंडाला जोडलेल्या विकरामुळे प्रकाश निर्माण होतो आणि जेथे प्रथिन असेल तेथे पट्टा उमटतो. (एडविन सदर्न यांच्या नावाच्या डीएनए-पद्धतीवर कोटी म्हणून हे ‘पश्चिमी’ नाव रूढ झाले, दिशेशी त्याचा काही संबंध नाही.)

हर्गच्या बाबतीत सहसा एकाऐवजी दोन पट्टे दिसतात: एक सुमारे १३५ किलोडाल्टनचा आणि दुसरा सुमारे १५५ किलोडाल्टनचा. नवख्या अभ्यासकाला यांतील एक पट्टा चुकीचा वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः दोन्ही पट्टे ११५९ अमिनो आम्लांच्या त्याच साखळीचे असतात. फरक असतो तो तिला जोडलेल्या शर्करांचा. आंतर्द्रव्य जालिकेत प्रथिन तयार होताना त्याला प्राथमिक शर्करा-साखळी जोडली जाते. हे १३५ किलोडाल्टनचे अपक्व रूप होय. प्रथिनाची घडी नीट पडली तरच ते गॉल्जी पिंडात जाते. तेथे शर्करा-साखळी गुंतागुंतीची होते आणि १५५ किलोडाल्टनचे पक्व रूप पेशीपटलावर पोहोचते.

याचा पडताळा दोन विकरांनी घेता येतो. एंडो-एच हे विकर फक्त प्राथमिक साखळी तोडते, त्यामुळे केवळ खालचा पट्टा सरकतो. पीएनजीएज-एफ दोन्ही पट्टे सरकवते. जिवंत पेशींवर बाहेरून प्रोटिनेज-के हे प्रथिनभंजक विकर सोडल्यास १५५ चा पट्टा नाहीसा होतो आणि १३५ चा तसाच राहतो, कारण विकराला पेशीच्या आतील प्रथिनापर्यंत पोहोचता येत नाही.

या दोन पट्ट्यांमुळेच रोगाचे कारण उलगडले. केसीएनएच२ मधील ज्या उत्परिवर्तनांत एकच अमिनो आम्ल बदलते, त्यांपैकी बहुसंख्य वाहिनीचे छिद्र बिघडवत नाहीत. ती प्रथिनाची घडी बिघडवतात आणि प्रथिन आंतर्द्रव्य जालिकेतच अडकून पडते. अशा नमुन्यात फक्त १३५ चा पट्टा दिसतो. एन४७०डी या उत्परिवर्तनाच्या बाबतीत पेशी ३७ ऐवजी २७ अंश सेल्सियसला वाढवल्यास १५५ चा पट्टा पुन्हा उमटतो. म्हणजे हे प्रथिन मुळात निकामी नसून वाटेत अडलेले असते.

नमुना आणि प्रतिपिंडाची निवड

पटलात रुतलेली प्रथिने विरघळवण्यासाठी प्रक्षालक द्रव्ये लागतात. इतर प्रथिनांप्रमाणे नमुना उकळण्याची सवय येथे नडते. अनेक छेद पटलातून जाणारी अशी प्रथिने उकळल्यावर एकमेकांना चिकटून गोळा होतात व जेलच्या तोंडाशीच अडकतात. म्हणून नमुना सौम्य तापमानालाच तयार करणे श्रेयस्कर ठरते.

प्रतिपिंड प्रथिनाचा कोणता भाग ओळखते, यावर निष्कर्ष अवलंबून असतो. हृदयात हर्गची १ए आणि १बी अशी दोन रूपे एकत्र असतात. त्यांचा आरंभीचा भाग वेगळा, पण शेवटचा भाग समान असतो. १ए च्या आरंभीच्या भागावर बेतलेल्या प्रतिपिंडाला १बी दिसत नाही. शेवटच्या भागावर बेतलेल्याला दोन्ही दिसतात, मात्र उत्परिवर्तनामुळे अर्धवट तुटलेले प्रथिन त्याच्या नजरेतून सुटते. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीतही हाच प्रश्न येतो. प्रथिनाची दोन्ही टोके पेशीच्या आत असल्याने त्यांच्यापर्यंत प्रतिपिंड पोहोचवण्यासाठी पटलाला छिद्रे पाडावी लागतात. केवळ पृष्ठभागावरील वाहिन्या मोजायच्या असतील, तर बाहेर असलेल्या फाशाला ओळखणारे प्रतिपिंड न भेदलेल्या पेशींवर वापरावे लागते.

पडताळणी

योग्य ठिकाणी पट्टा दिसला म्हणजे ते प्रथिन सापडलेच, असे मानणे हा या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. प्रतिपिंड इतर प्रथिनांनाही चिकटू शकते. त्यामुळे हर्ग नसलेल्या पेशींचा नमुना शेजारी चालवणे आवश्यक असते. मूळच्या एचईके २९३ पेशी आणि हर्गचे जनुक घातलेल्या त्याच पेशी ही यासाठीची नेहमीची जोडी होय. जनुक काढून टाकलेल्या पेशी हा याहून कठोर निकष आहे. प्रतिपिंड आधी त्याच्या प्रतिजन पेप्टाइडमध्ये मिसळून पट्टा जातो का, हे पाहण्याची जुनी पद्धत अजूनही वापरात आहे. परंतु तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही, कारण त्याच प्रतिपिंडाने चुकीच्या प्रथिनावर उमटवलेला पट्टाही त्यामुळे नाहीसा होऊ शकतो.

औषधसंशोधनातील उपयोग

टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरील आणि सिसाप्राइड हे पचनविकारांवरील औषध हर्ग वाहिनी बंद करते, असे आढळल्यावर अनेक देशांत ती बाजारातून गेली. भारतात सिसाप्राइडवर २०११ मध्ये बंदी आली. तेव्हापासून नवे औषध हर्गचा विद्युत्-प्रवाह रोखते का, याची चाचणी रूढ झाली. मात्र काही मिनिटांच्या या चाचणीतून औषधांचा एक वर्ग निसटतो. रक्ताच्या एका कर्करोगावर दिले जाणारे आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि काळा आजारावर वापरले गेलेले पेंटामिडिन ही औषधे या वाहिनीला तत्काळ फारसा अडथळा करत नाहीत. ती नव्या वाहिन्यांना पेशीपटलापर्यंत पोहोचू देत नाहीत. पेशी रात्रभर औषधात ठेवून वेस्टर्न ब्लॉट केल्यास १५५ चा पट्टा फिका पडलेला दिसतो.

मर्यादा

प्रतिपिंडाने प्रथिन कोठवर पोहोचले ते कळते. ते कार्य करते का, हे कळत नाही. जी६२८एस या उत्परिवर्तनात १५५ चा पट्टा नेहमीप्रमाणे उमटतो, वाहिनी पृष्ठभागावरही असते, परंतु पोटॅशियम निवडणाऱ्या छिद्रातच दोष असल्याने तिच्यातून प्रवाह वाहत नाही. शिवाय चार घटकांच्या वाहिनीत असा सदोष घटक शिरला, की निरोगी घटकही निरुपयोगी होतात. असे दोष पॅच क्लॅम्प पद्धतीने प्रत्यक्ष प्रवाह मोजूनच ओळखता येतात.