सहा गुणांचा काळ

व्याप्ती

फिगर स्केटिंगमध्ये स्त्री-पुरुष जोडीचे दोन स्पर्धाप्रकार आहेत. एकात, म्हणजे जोडी-स्केटिंगमध्ये, जोडीदाराला हवेत फेकणे, डोक्यावर उचलून धरणे, अनेक गिरक्यांच्या उड्या हे सारे चालते. दुसऱ्यात हे वर्ज्य असते. हा दुसरा प्रकार म्हणजे आइस डान्सिंग. बॉलरूम नृत्यातून तो आला. १९५२ पासून त्याचे जागतिक अजिंक्यपद आहे, ऑलिंपिकमध्ये तो १९७६ साली इन्सब्रुक येथे आला आणि पहिले सुवर्ण सोव्हिएत संघाच्या पाखोमोव्हा-गोर्शकोव्ह जोडीने मिळवले. जुने चाहते ज्या काळासाठी हळहळतात, तो साधारण तेथून २००२ पर्यंतचा.

पात्याच्या दोन धारा

स्केटचे पाते जेमतेम चार मिलिमीटर जाड असते आणि त्याचा तळ पन्हळीसारखा खोलगट असतो. त्यामुळे त्याला आतली व बाहेरची अशा दोन धारा मिळतात. शरीर ज्या बाजूला कलते त्या बाजूची धार बर्फात रुतते आणि स्केटर वक्र रेषेत सरकतो. कल वाढला की वक्र आवळत जातो. आइस डान्सिंगचे सारे कौशल्य येथे आहे: दोन शरीरे, मध्ये वीतभर अंतर, आणि दोघांचा कल एकच. पावले इतकी जवळ पडतात की या प्रकारातील पात्यांचा टाचेकडचा भाग मुद्दाम आखूड ठेवतात, नाहीतर ती एकमेकांत अडकतील.

ठरीव नृत्ये

जुन्या स्पर्धेचे तीन टप्पे होते. पहिल्यात ठरीव नृत्ये, दुसऱ्यात दिलेल्या तालावर स्वतः रचलेले नृत्य, तिसऱ्यात मुक्त नृत्य. ठरीव नृत्यात प्रत्येक जोडीला त्याच लयीवर, त्याच क्रमाने, तीच पावले टाकावी लागत. बर्फावरचा आराखडासुद्धा नेमलेला असे. वेस्टमिन्स्टर वॉल्ट्झसारखी यांतील कित्येक नृत्ये १९३० च्या दशकात लंडनमध्ये रचली गेली. ‘टँगो रोमँटिका’ ही मात्र पाखोमोव्हा, गोर्शकोव्ह आणि त्यांच्या प्रशिक्षिका चायकोव्स्काया यांची १९७० च्या दशकातील निर्मिती. एकच नृत्य वीस जोड्यांकडून पाहणे सामान्य प्रेक्षकाला कंटाळवाणे वाटे, दूरचित्रवाणीला तर ते मुळीच सोयीचे नव्हते. जाणत्याला मात्र तेथेच फरक दिसे: कोणाची धार खोल, कोण वळणाआधी गुडघा ताठ करतो, कोण ताल अर्ध्या मात्रेने चुकवतो. एकच बंदिश अनेक गायकांकडून ऐकण्यासारखा हा प्रकार होता.

सहापैकी सहा

मुक्त नृत्याला प्रत्येक परीक्षक तांत्रिक आणि कलात्मक असे दोन आकडे देई. सर्वोच्च आकडा सहा. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी साराजेव्हो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन यांनी रावेलच्या ‘बोलेरो’वर नृत्य केले. नऊही परीक्षकांनी कलात्मक गुण सहा दिले, तांत्रिक बाजूचे आणखी तीन, अशी एकूण बारा षट्के झाली. त्यांचे संगीत नियमापेक्षा सुमारे अठरा सेकंदांनी लांब होते. परंतु वेळेची मोजणी पाते बर्फाला टेकल्यावर सुरू होत असल्याने दोघांनी आरंभ गुडघ्यांवर बसूनच केला. नियमातली पळवाट आणि रचनेतली उत्कट सुरुवात एकाच हालचालीत साधली. त्या काळाची इतकी चोख खूण दुसरी नसावी.

आठवणीत न राहिलेली बाजू

सहाचा आकडा निरपेक्ष नव्हता. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून जोड्यांचे क्रमांक लागत आणि बहुसंख्य परीक्षकांनी दिलेला क्रमांक निकाल ठरवी. आइस डान्सिंगमध्ये पडझड क्वचित होत असल्याने पहिल्या ठरीव नृत्याचा क्रम शेवटपर्यंत बहुधा हलत नसे. त्यामुळे संगनमताला वाव होता. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या संदर्भात एका कॅनेडियन परीक्षिकेने युक्रेनी परीक्षकाशी झालेले दूरध्वनी-संभाषण ध्वनिमुद्रित केले आणि त्या परीक्षकावर निलंबनाची कारवाई झाली. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी-स्केटिंगच्या निकालावरून वादळ उठले आणि सहा गुणांची पद्धतच गेली.

नवी मोजणी

२००४ पासून प्रत्येक घटकाला आधारमूल्य, काठिण्यपातळी आणि सादरीकरणाची श्रेणी असते. त्यांत एकंदर सादरीकरणाचे गुण मिळवून बेरीज होते. एका पायावर पुढे सरकत घेतलेल्या जलद गिरक्या, म्हणजे ‘ट्विझल’, किती आणि कशा झाल्या हे आता चित्रफीत मागे नेऊन तपासता येते. लाभ उघड आहे. तोटा असा की, वरची पातळी देणाऱ्या हालचाली सर्वांच्याच रचनेत शिरतात आणि कार्यक्रम एकसारखे दिसू लागतात. चाहत्यांची ही तक्रार रास्त आहे. पारदर्शकतेचा दावा करणाऱ्या या पद्धतीने २०१६ पर्यंत कोणत्या परीक्षकाने कोणते गुण दिले हेही गुप्त ठेवले होते.

२०१०

व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये जुनी तीन टप्प्यांची चौकट अखेरची दिसली. ठरीव नृत्य होते टँगो रोमँटिका. दुसऱ्या टप्प्याचा विषय लोकनृत्य होता. त्यात अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी ‘देवदास’ व ‘बंटी और बबली’ या हिंदी चित्रपटांतील गाण्यांवर भारतीय ढंगाचे नृत्य केले आणि शेवटी रौप्य मिळवले. त्याच टप्प्यात रशियन जोडीने ऑस्ट्रेलियातील आदिवासी नृत्याची नक्कल केली. तिच्यावर तेथील आदिवासी नेत्यांनी आक्षेप घेतला. पुढील हंगामात पहिले दोन टप्पे एकत्र करून एकच लघुनृत्य करण्यात आले. ठरीव नृत्यांचे तुकडे त्यात घटक म्हणून घातले गेले आणि त्यांनाही काठिण्यपातळी लागू झाली.