जुन्या संगणकात आधी काय बदलावे?

संगणक मंदावला म्हणजे घरातील मंडळींचा पहिला रोष प्रोसेसरवर होतो, आणि दुकानात विचारणा करावी तर ‘आता नवाच घ्या’ असा सल्ला मिळतो. आमचा संगणक २०१३ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला; तिसऱ्या पिढीचा इंटेल कोअर आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ जातीचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅमची एकच पट्टी आणि ५०० जीबींची हार्ड डिस्क. अलीकडे तो इतका सुस्तावला होता, की बटण दाबून चहा टाकावा, तो सावकाश पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. तो मोडीत काढण्याचा निर्णय जवळजवळ झालाच होता. परंतु ज्या यंत्रावर मुलीच्या शिक्षणाचे सारे दफ्तर उभे राहिले, त्याची कैफियत ऐकून घेतल्यावाचून त्याला निरोप देणे मला अन्यायाचे वाटले.

ही कैफियत ऐकण्यास खर्च काहीच नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणत्या भागावर किती भार आहे हे त्यात दिसते. नेहमीचे काम चालू ठेवून मी पाहिले, तेव्हा ज्याच्या माथी सारा दोष मारला जात होता तो प्रोसेसर जेमतेम १५ टक्के कामात होता, रॅम काठोकाठ भरलेली होती, आणि हार्ड डिस्कचा आकडा १०० वरून हलत नव्हता.

याचा अर्थ जुन्या मामलेदार कचेरीच्या दाखल्याने चटकन ध्यानात येतो. प्रोसेसर हा तेथला चलाख कारकून, रॅम हे त्याच्या पुढ्यातील मेज, आणि हार्ड डिस्क हा मागचा दफ्तरखाना. कागद मेजावर असेल तर निकाल तत्काळ; नसेल तर शिपायाने आत जाऊन रुमाल सोडून तो शोधून आणीपर्यंत कारकून हात बांधून बसणार; आणि मेज लहान असेल तर नवा कागद ठेवण्यासाठी आधीचा पुन्हा आत धाडावा लागणार, म्हणजे शिपायाच्या खेपा दुप्पट.

हा शिपाई किती सावकाश चालतो? मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. हवा तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, आणि ते टोक योग्य जागी सरकण्यास आणखी सुमारे ८ मिलिसेकंद, असे मिळून एका खेपेस सुमारे १२ मिलिसेकंद जातात. तेवढ्यात ३.३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर जवळजवळ ४ कोटी ठोके मोजून मोकळा होतो! हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे तीच खेप मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरकते. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली समांतर गणनेच्या संदर्भात मांडलेले तत्त्व येथेही लागू पडते: दहा मिनिटांच्या कामात नऊ मिनिटे डिस्कची वाट पाहण्यात जात असतील, तर प्रोसेसर कितीही वेगवान आणला तरी बचत एका मिनिटापलीकडे जाणार नाही.

म्हणून मान पहिला एसएसडीचा. एच-६१ बोर्डावरील साटा जोडणी सेकंदाला ३०० मेगाबाइटांच्या पुढे जाऊ देत नाही, हे खरे. परंतु लाभ मुख्यतः खेपांच्या तत्परतेत असल्याने ही मर्यादा फारशी जाणवत नाही, आणि उद्या संगणक बदललाच तर हीच एसएसडी तेथे रुजू होऊन आपला पूर्ण वेग दाखवते. रॅमचे तसे नाही. आमच्या बोर्डाला डीडीआर-३ पट्टी लागते; तिच्या कडेची खाच डीडीआर-४ च्या खाचेशी जुळत नाही, त्यामुळे ती पुढच्या यंत्रात बसणार नाही. अशा वेळी खात्रीच्या माणसाकडून जुनी पट्टी घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. मी ४ जीबींची जोडीदार पट्टी आणली, दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सम दाब दिला, बाजूची खिटी ‘टक्’ करून मिटली, आणि मेज दुप्पट झाले.

झाकण उघडलेच होते, तेव्हा पंख्यावर साचलेला धुळीचा थर मऊ कुंचल्याने काढला, प्रोसेसरवरील वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, आणि घड्याळ वारंवार मागे पडत असल्याने सीआर-२०३२ हा नाण्याएवढा सेलही बदलला. ग्राफिक कार्डाचा मोह असणाऱ्यांनी मात्र आधी वीज पुरवणारा एसएमपीएस तपासावा; कॅबिनेटबरोबर स्वस्तात आलेला एसएमपीएस अधिक भाराने खचला, तर जाताना इतर भागांनाही सोबत नेऊ शकतो.

प्रोसेसरला मी हात लावला नाही. तो खऱ्या अर्थाने बदलायचा तर मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते, आणि मग जुने असे कॅबिनेटच काय ते उरते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत या पिढीच्या प्रोसेसरला स्थान नाही. म्हणून एसएसडीवर लिनक्स घातले. पत्रव्यवहार, हिशेब आणि छायाचित्रे एवढ्या आमच्या कारभाराला ते पुरते. जुन्या हार्ड डिस्कवरील सर्व ऐवज आरंभीच दुसरीकडे उतरवून घेतला होता. आता ती त्याच कॅबिनेटात केवळ साठवणीचे काम करते, आणि सकाळी चहाचे आधण उकळण्यापूर्वी पडदा तयार असतो.