टाक्यात अडीच हात पाणी

पहाटे 6:30

स्वयंपाकघरातलं खोकं खरवडतंय, त्यानंच जाग आली. काल रात्री वळणावरच्या दिव्याखाली कागार्रोचं पिल्लू बसलेलं सापडलं होतं. हे समुद्रपक्षी आमच्या पिको बेटाच्या किनाऱ्यावर बिळांत आणि कपारींत अंडी घालतात. ऑक्टोबरच्या अखेरीस पिल्लं रात्रीच्या अंधारात पहिल्यांदा उडतात, आणि गावातले दिवे पाहून भांबावून रस्त्यावर उतरतात. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर 1995 पासून लोक त्यांना उचलून घरी नेतात. अंगावर टॉवेल टाकून धरायचं, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं, खायला-प्यायला काही द्यायचं नाही आणि सकाळी समुद्राकाठी सोडायचं. या शरदातलं आमच्या घरचं हे चौथं.

चहा ठेवून गोव्यात फोंड्याला बहिणीला फोन लावते. इथे साडेसहा म्हणजे तिथे दुपारचा एक, तिची जेवणं आटोपत आलेली असतात. तिचा पहिला प्रश्न रोज तोच. "पाणी आहे ना गो?" लिस्बनमध्ये मी नर्सची नोकरी केली त्या अठ्ठावीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. निवृत्तीनंतर आम्ही या बेटावर आलो तेव्हापासून विचारते.

सकाळी 7:40

उजाडलं. उत्तर किनाऱ्यावर, सांता लुझियाच्या खाली, लाव्हा थिजून सपाट पसरला आहे. काळा, सुरकुतलेला, दुधावर साय धरावी तसा. पायाखाली बघत चालावं लागतं. पिल्लू हातातून सुटलं, खडकावर दोन ढांगा टाकल्या आणि पंख उघडून गेलं. समोर साव जॉर्ज बेट लांबच लांब आडवं दिसतं. पाठीमागे पिको पर्वत. 2351 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईवर आणखी सातशे मीटर रचावे लागतील. आज शिखरावर ढगाची टोपी बसली आहे. टोपी आली की पाऊस मागून येतो, हे इथल्या माणसांनी शिकवलं.

परतताना टाक्यात काठी बुडवून बघते. अडीच हात. सप्टेंबरात दीड हात होतं.

पिकोवर पाऊस खूप पडतो, पण कोवळा लाव्हा चाळणीसारखा आहे. पडलेलं पाणी थेट खाली झिरपतं आणि ओढ्यांना टिकू देत नाही. म्हणून जुन्या घरांना छपरावरून भरणारं दगडी टाकं असतं, आपल्या गडांवरच्या टाक्यांचं सख्खं भावंड. ज्यांच्याकडे टाकं नव्हतं ते किनाऱ्यावरच्या भरतीच्या विहिरीवर जायचे. खडकात खोल खणलेल्या त्या विहिरीत मचूळ पाणी असतं, आणि ते भरती-ओहोटीबरोबर चढतं-उतरतं. आता गावात नळ आहे आणि पिण्याचं पाणी आम्ही नळाचंच घेतो. पण धुणं, बाग आणि चुना कालवणं टाक्यावर चालतं.

हे सकाळीच मोटारीनं मादालेनाला गेले. तिथून बोटीनं अर्ध्या तासात फायाल बेटावरचं ओर्ता. आमचं मोठं रुग्णालय तिथे आहे, आणि आज यांच्या हृदयाची तपासणी. घर घेतलं तेव्हा मी नर्सच्या नजरेनं आधी हेच अंतर मोजलं होतं. रात्री छातीत दुखलं आणि समुद्र खवळलेला असला, तर? गावात आरोग्यकेंद्र आहे, गरज पडली तर हवाई मदतही येते. तरीही मधे पाणी आहे, हे रोज जाणवतं. हे माहीत असूनच आम्ही इथे राहतो.

सकाळी 9:00

शेजारचे आजोबा आले. सगळं गाव त्यांना 'मेश्त्रे' म्हणतं आणि मीही म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं काम थांबलं होतं, कारण हा आपला मेस्त्री! पोर्तुगीज शब्द गोव्याच्या वाटेनं आपल्याकडे आला. माझ्या लहानपणी फोंड्याला कौलं परतायला मेस्त्री यायचा, आणि आता साठी उलटल्यावर तो शब्द मला त्याच्या माहेरी भेटला. मेश्त्रे 'बाल्द' मागतात, मी बादली देते. त्यांची 'जनेला' ती आमची जनेल, 'शाव्ह' ती चावी. द्राक्षांच्या दारूची 'पिपा' ते पिंप. पूर्वी ही पिंपं गलबतांवर चढवायची, म्हणून किनाऱ्यावरचा खडक तासून उतार केले आहेत. अजूनही ते दिसतात.

बागेचा गडगा वादळात ढासळला, तो आज उभा करायचा आहे. कोकण-गोव्यात ज्याला गडगा म्हणतात तोच हा, चुन्यामातीशिवाय दगडावर दगड ठेवलेली भिंत. पिकोवर अशा भिंतींचं जाळं आहे. लाव्ह्याच्या भेगेत एकेक वेल लावायचा आणि भोवती छोटा चौकोन रचायचा. दिवसा काळा दगड ऊन पितो आणि रात्री वेलाला परत देतो. शिवाय खारा वारा अडतो. या वेलींच्या प्रदेशातले 987 हेक्टर 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. वाचताना तो आकडा वाटतो. मला मात्र त्यात वाकलेल्या पाठी दिसतात, कारण एका वावभर गडग्यानं माझी कंबर धरली आहे.

पहिल्या वर्षी मी फटी बुजवत होते. छोटे दगड ठोकून ठोकून भिंत गच्च केली आणि मला ती सुंदर वाटली. मेश्त्रेंनी काही न बोलता हात फिरवला आणि निम्म्या चिपा काढून टाकल्या. "वाऱ्याला जाऊ दे," म्हणाले. गच्च भिंतीवर वारा छातीनं आदळतो आणि ती पाडतो. फटी असल्या की तो चाळून जातो, वेलाला झुळूक पोचते. आज मी मोठा दगड आडवा ठेवते, त्याचं तोंड आत करते आणि बोटांनी हलवून बघते. हलला तर उचलून दुसरी बाजू. चौथ्या प्रयत्नात एक दगड असा बसला की खालून 'ठक्' आवाज आला. मेश्त्रेंनी मान हलवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचे मुलगे अमेरिकेत. गावात हे काम येणारे दोनच हात शिल्लक आहेत आणि ते रोज माझ्यासमोर चालतात, म्हणून मी इतर कामं बाजूला ठेवून हेच शिकते.

यांचं गाव साताऱ्याकडचं. दगड हातात घेऊन हे म्हणतात, हा आपलाच आहे, फक्त कोवळा. खरंच आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा आणि पिको बेटाचं वय सुमारे 3 लाख वर्षं. आमच्या घरामागचं काळं रान तर 1718 च्या उद्रेकातलं. अशा रानाला इथे 'मिस्तेरियु' म्हणतात, म्हणजे गूढ. लाव्हा येताना पाहून लोकांना दुसरा शब्द सुचला नसावा.

दुपारी 12:30

जेवण एकटीचं. बाजारात 'इन्यामे' नावाचा कंद मिळतो. पहिल्यांदा सोलला तेव्हा हात खाजले आणि मी ओळखला. अळकुड्या! इथले लोक उकडून डुकराच्या मसालेदार सॉसेजबरोबर खातात. मी आमसूल घालून रस्सा करते. आमसूल बहीण पाठवते.

दुपारी 2:00

कागदपत्रं. घराच्या खरेदीखताची फाइल अजून अधूनमधून उघडावी लागते. सात वारस होते, त्यांतले पाच अमेरिकेत, आणि सगळ्यांच्या सह्या लागल्या. दीड वर्ष गेलं. ते अमेरिकेत गेले त्याचं मूळ एका ज्वालामुखीत आहे. 27 सप्टेंबर 1957 ला फायालच्या टोकाशी समुद्रात कापेलिन्योश ज्वालामुखी उसळला आणि तेरा महिने धुमसत राहिला. राखेनं शेतं आणि छपरं गाडली. 1958 मध्ये अमेरिकेनं त्या विस्थापितांसाठी खास कायदा केला. तो मांडणाऱ्या सिनेटरांत जॉन केनेडी होते. त्या वाटेनं मग इतर बेटांवरचीही कुटुंबं गेली. आमच्या घराला कुलूप लागलं ते असं. आम्ही दार उघडलं तेव्हा खुंटीला टोपली होती आणि भट्टीत राख.

माझा जन्म 1958 चा, पोर्तुगीज अमलातल्या फोंड्याचा. त्या जन्मामुळे मला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं आणि त्यासाठी भारताचं सोडावं लागलं. आता गोव्याला ओसीआय कार्डावर जाते. या घरातून गेलेल्यांनीही कुठेतरी असाच एक कागद देऊन दुसरा घेतला असेल. त्यांच्या आजीची टोपली मी खुंटीवरच ठेवली आहे.

दुपारी 4:00

उजेड आहे तोवर भिंत. आल्याबरोबर आम्ही आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला, ही माझी चूक. दोन हिवाळ्यांत खार फुटला आणि ओल छातीपर्यंत चढली, कारण सिमेंटनं दगडातली ओल आतच कोंडली. आता वीतवीत खरवडून चुना लावते. चुन्यातून भिंत कोरडी होत राहते. आज खिडकीखालचा तुकडा पुरा झाला.

हे पाचला परतले. तपासणी ठीक, पुढची वसंतात.

संध्याकाळी 6:00

अंधार. भिंतीतला जुना कोनाडा आमचा देव्हारा आहे. तिथे निरांजन लावते. पलंगाखाली बूट आणि टॉर्च जागेवर आहेत का ते बघते. 2022 च्या मार्चमध्ये समोरच्या साव जॉर्जखाली हजारो बारीक धक्के बसले आणि तिथली कितीतरी माणसं घरं सोडून गेली. तेव्हापासूनची ही सवय.

रात्री 9:30

अंगणातला दिवा मालवला, पिल्लांसाठी. अंथरुणाला पाठ टेकली तोच कौलांवर पहिले थेंब वाजले. "अहो, नळी!" मी म्हणायच्या आत हे रेनकोट शोधत होते. पन्हळीचं तोंड आधी बाहेर वळवून ठेवायचं, छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण वाहून जाऊ द्यायची आणि वीस मिनिटांनी ते टाक्याकडे फिरवायचं. मी खिडकीत टॉर्च धरून उभी. पाऊस जोरावर आला. घड्याळात वीस मिनिटं झाली तशी मी हाक मारली, यांनी नळी फिरवली आणि टाक्यात पाणी पडल्याचा आवाज आला.