निरोप पुसून टाकणारी यंत्रणा

देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते. भरतीला तेथील पाणी अधिक खारट होते, ओहोटीला खारटपणा उतरतो. त्या पाण्यात वाहत आलेल्या जीवाणूला या बदलाशी जुळवून घ्यावे लागते, नाहीतर मरावे लागते. एवढासा एकपेशीय जीव इतक्या झटपट कसा बदलतो?

पेशीतील डीएनए हा मूळ दस्तऐवज मानला, तर निरोप्या आरएनए ही त्याची कामापुरती काढलेली नक्कल होय. तिच्यावरून प्रथिने तयार होतात. परिस्थिती पालटली की जुन्या नकला निरुपयोगी, क्वचित घातकही ठरतात. म्हणून जीवाणू त्यांतील बहुतेक नकला काही मिनिटांतच नष्ट करतो.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत हे काम मुख्यतः विकरांचा एक संच करतो. त्याला डिग्रेडोसोम म्हणतात. १९९० नंतरच्या दशकात त्याची ओळख पटली. रापण ओढताना जशी कामे वाटलेली असतात, तशीच येथेही असतात. आरएनेज-ई हा विकर आरएनएची साखळी मधेच तोडतो आणि आपल्या शेपटीने इतरांना धरून ठेवतो. आरएचएलबी साखळीतील पीळ सोडवतो. पीएनपेज टोकापासून एकेक घटक सुटा करतो. ते घटक नव्या आरएनएसाठी पुन्हा कामी येतात. चौथा इनोलेज हा साखरेच्या विघटनातला. पेशीत साखरेचे फॉस्फेट साचले की साखर आत आणणाऱ्या प्रथिनाचा निरोप तातडीने पुसला जातो. तेव्हा त्याची गरज भासते.

गंमत अशी, की १९५५ साली ग्रुनबर्ग-मनागो आणि ओचोआ यांनी पीएनपेज शोधला, तेव्हा तो आरएनए घडवणारा वाटला होता. पेशीतले त्याचे मुख्य काम मोडण्याचे, हे मागाहून उमगले. आरएनेज-ईची कथा नेमकी उलट. १९७८ साली घोरा व अपिरियन यांनी दाखवले, की तो एका लांब आरएनएला छाटून रायबोसोमचा एक भाग तयार करतो. तोडणाराच येथे घडवणाराही आहे. तो नसेल तर ई. कोलायची वाढच खुंटते.

वाङ्मय आणि इतिहास शिकणाऱ्या आपल्याला जपून ठेवणे म्हणजेच ज्ञान असे वाटते. जीवाणूही मूळ दस्तऐवज जपतोच. पण कालचा हुकूम आज पाळत बसत नाही. त्याच्या जगण्याला या दोन्ही गोष्टी सारख्याच आवश्यक आहेत.