छर्रा जातो कुठे?

२००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांनी १० मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. नेमबाजी म्हणजे एकाग्रतेचा खेळ. नेम बरोबर लागला की सर्वांचे लक्ष कागदावरील छिद्राकडे जाते. पण छिद्र पाडून छर्रा पुढे कुठे जातो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

एअर रायफलमधील छर्रा हवेच्या दाबाने सुटतो. स्पर्धेतील छर्ऱ्याची जाडी ४.५ मिलिमीटर आणि वजन सुमारे अर्धा ग्रॅम असते. तो सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जातो. एवढ्या वेगाचा छर्रा डोळ्याला लागला, तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून लक्ष्याच्या मागे त्याला अडवणारी पेटी हवीच. तिला आपण छर्रेपेटी म्हणू.

मागे नुसती भिंत असली तर चालणार नाही का? एक सोपा प्रयोग करा. रबरी चेंडू भिंतीवर सरळ मारा. तो तुमच्याकडेच परत येतो. आता एक फळी घ्या. तिची वरची कड आपल्याकडे झुकवून ती तिरपी धरा आणि तिच्यावर चेंडू मारा. तो खाली जमिनीकडे वळतो. छर्रेपेटीचे सारे रहस्य यातच आहे. लाकडी फळीही मागे पुरत नाही. रोज त्याच जागी छर्रे लागून लाकूड पोखरले जाते आणि एक दिवस छर्रा आरपार जातो.

छर्रेपेटी पोलादी पत्र्याची करतात. तिचे तोंड लक्ष्याच्या कागदापेक्षा बरेच मोठे ठेवतात, म्हणजे थोडा चुकलेला छर्राही आत जातो. आत २ ते ३ मिलिमीटर जाडीचा एक पत्रा ४५ अंशांत तिरपा बसवतात. त्याची वरची कड नेमबाजाकडे आणि खालची कड मागे असते. लक्ष्याचा कागद पेटीच्या तोंडावर लावतात. छर्रा कागद भेदून तिरप्या पत्र्यावर आदळतो, चपटा होतो, खाली वळतो आणि तळाच्या ट्रेमध्ये पडतो. हा ट्रे बाहेर काढता येतो.

ही पेटी मोठ्यांच्या देखरेखीखाली, वेल्डिंग जाणणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावी. तिच्यामागे पक्की भिंत असावी आणि नेमबाजाने डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा. ही पेटी फक्त एअर रायफलसाठी आहे, हे विसरू नका. ५० मीटर प्रकारात वापरतात त्या पॉइंट बावीस रायफलच्या गोळीत याच्या सुमारे वीसपट ऊर्जा असते. ती गोळी असा पातळ पत्रा अडवू शकणार नाही.

आता ट्रेमध्ये साठलेल्या छर्ऱ्यांकडे पाहू. ते शिशाचे असतात. उर्दूत ज्याला ‘सीसा’ म्हणतात, तेच मराठीतील शिसे. हा धातू जड आणि मऊ आहे. गंमत अशी, की शिसपेन्सिलीत मात्र शिसे मुळीच नसते. तिच्यात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते.

हिशेब करा. २० विद्यार्थ्यांनी रोज प्रत्येकी ५० छर्रे मारले, तर १००० छर्रे होतात. म्हणजे दिवसाला अर्धा किलो शिसे! हे शिसे मातीत पडू दिले, तर वाया जाते आणि माती दूषित करते. गोळा केले, तर ते वितळवून पुन्हा वापरता येते. आज शिशाचा सर्वांत मोठा वापर बॅटऱ्यांमध्ये होतो.

परंतु शिसे विषारी आहे. छर्रा आदळताना शिशाची बारीक धूळ उडते. ती श्वासातून किंवा हातांवरून तोंडावाटे पोटात जाते. मेंदू, रक्त आणि मूत्रपिंडे यांवर तिचा वाईट परिणाम होतो. लहान मुलांना हा धोका जास्त असतो. म्हणून ट्रे रिकामा करण्याचे काम मोठ्यांनीच हातमोजे आणि मास्क घालून करावे. जमीन झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. सरावाच्या जागी काही खाऊ नये. सराव संपल्यावर साबणाने हात धुवावेत.

शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या शेगडीवरही वितळू शकते. पण तसे कधीही करू नका. त्या भांड्याजवळचे अन्न आणि त्या खोलीतील हवा, दोन्ही दूषित होतात. छर्रे झाकणाच्या डब्यात भरावेत, डब्यावर ‘शिसे’ असे लिहावे आणि तो परवानाधारक पुनर्वापर केंद्राकडे सोपवावा.

मित्रांनो, छर्रा आपल्या हातून सुटतो, तेव्हा त्याची जबाबदारीही आपल्यावर येते. तो कोणालाही इजा न करता थांबला पाहिजे आणि थांबल्यानंतरही कोणाच्या पोटात विष म्हणून जाता कामा नये. एवढी काळजी घेतो, तोच खरा नेमबाज.

स्वाध्याय
१. छर्रेपेटीतील पत्रा तिरपा का बसवतात?
२. ३० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ४० छर्रे मारले, तर किती शिसे जमा होईल?
३. कारण सांगा : सरावाच्या जागी झाडू वापरू नये.
४. ‘नेम धरणे’ आणि ‘वाया जाणे’ यांचा वाक्यात उपयोग करा.