पहिली रॅकेट घेताना

दुकानात टांगलेल्या रॅकेटी आणि लग्नाची स्थळे यांत एक साम्य आहे. दिसायला सगळीच देखणी. पण निभाव कोणाशी लागेल, हे हाती आल्याखेरीज कळत नाही! मी चंद्रपुरास मराठी शिकवतो. रॅकेटींचा अभ्यास करावा लागला तो मामा या नात्याने. गडचिरोलीच्या माझ्या भाच्याने बॅडमिंटन शिकायचे ठरवले आणि ताईने खरेदी माझ्यावर सोपवली. भाच्याला हवी होती विश्वविजेत्याच्या हातातली रॅकेट. ताईला महिन्याच्या खर्चात बसणारी.

या खेळाशी आपले नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत. त्यामुळे त्याला ‘पूना’ असेही नाव पडले. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. आरंभी तेही टेनिस खेळत. तेव्हा पहिली रॅकेट म्हणजे काही जन्माची गाठ नव्हे, हे भाच्याला प्रथम पटवले.

मग निवड करायची कशी? नियमाप्रमाणे रॅकेटची लांबी ६८० मिलिमीटरांपेक्षा जास्त नसते. खरा फरक वजनात आणि तोलात. रॅकेटवर ‘४ यू’ लिहिले असेल तर वजन ८० ते ८४ ग्रॅम, ‘३ यू’ असेल तर ८५ ते ८९. नवशिक्याला हलकी बरी. डोक्याकडे जड असलेली रॅकेट जोरकस फटक्याला उपयोगी, पण कच्च्या खांद्याला जाचक. दांडा थोडा लवणारा असावा. ताठ दांडा पक्क्या मनगटालाच मानवतो. तारांचा ताण २० ते २२ पौंड पुरे. मूठ धरल्यावर बोटांची टोके तळहातात रुतू नयेत, थोडी फट राहावी.

आपल्याकडे आणखी एक परीक्षक असतो, तो म्हणजे उन्हाळा! पारा ४५ अंशांवर चढला की बंद मोटारीत ठेवलेल्या रॅकेटच्या तारा सैल पडतात. कोरड्या हवेत १६ पिसांचे फूल लवकर मोडते आणि तापलेल्या, विरळ हवेत ते वेगानेही जाते. म्हणून नवशिक्याने उन्हाळ्यात हिरव्या पट्टीचे, म्हणजे मंद गतीचे, नायलॉनचे फूल घ्यावे. तार तुटल्यास नवी कोण भरून देईल, हेही आधीच विचारावे. एटापल्ली-भामरागडकडच्या घरांनी तर अवश्य.

भाच्यासाठी अखेर ‘४ यू’ची, लवत्या दांड्याची, बेताच्या किमतीची रॅकेट घेतली. महागड्या रॅकेटने खेळ येत नाही. जड आणि ताठ रॅकेटने मात्र तो सुटू शकतो. दोन महिन्यांत खांदा दुखू लागला की पोर रॅकेट खुंटीला टांगते आणि आपण म्हणतो, ‘याला चिकाटीच नाही!’ दिवाळीच्या खरेदीला निघाल तेव्हा पोराला बरोबर न्या. रॅकेट आधी त्याच्या हातात द्या. किमतीची चिठ्ठी मागाहून वाचा.